क्वीन चुकवायची असते

सगळ्यात आधी खिसा आणि पर्स रिकामी करा. मोबाइल, कार्डं, गाडीची किल्ली, पाण्याची प्लास्टिकची बाटली, सगळं इथेच राहू द्या. तुम्ही दोघं निघाला आहात शनिवार, ११ मे १९५७ या दिवसात, आणि तिथे यातलं काहीही चालत नाही. चालतात ते पैसे, आणि त्यांचाही सध्या घोळ आहे. १ एप्रिलला सरकारने रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नवे पैसे केले, पण जुनी नाणीही चालूच ठेवली. त्यामुळे तुमच्या खिशात आता दोन्ही खुळखुळताहेत: आणे, चवल्या, पावल्या, आणि त्यांच्यात नव्याने आलेला तांबूस गोल एक पैसा, झालरीच्या कडेचे दोन आणि दहा, चौकोनी पाच. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. म्हणजे आण्याची वस्तू एकेक करून चार वेळा घेतली तर चोवीस पैशांत पडते आणि एकदम चार घेतल्या तर पंचवीस. सदाशिव पेठेच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं आहे. वाण्याच्याही.

आजच्या दिवसापुरते तुम्ही मिलिटरी अकाउंट्समधले एक कारकून आणि त्यांची बायको. लग्नाला दीड वर्ष झालंय. वाड्यात दोन खोल्या. त्यात आई, वडील, कॉलेजात जाणारा धाकटा भाऊ आणि तुम्ही. चार बिऱ्हाडांत मिळून नळ एक. दीड वर्षात तुम्ही एकमेकांशी मोठ्याने जे बोललात ते बहुतेक रॉकेल, दूधवाला आणि कोणाच्या तरी मुंजीच्या आहेराबद्दल. बाकीचं बोलणं दिवा मालवल्यावर, कुजबुजत, पलीकडे कुणी कूस बदलली की थांबून. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. ती चारचौघांत घ्यायची नसतात. एकाचं नाव ‘अहो’, दुसरीचं ‘अगं’, एवढ्यावर दिवस निभावतो.

आता खरं कारण सांगतो, कारण ते तिकडे कोणी सांगणार नाही. पुण्याची जोडपी मुंबईला समुद्र बघायला जातात, असं घरी सांगायचं असतं. समुद्र असतो तिथे, नाही असं नाही. पण पुण्यात पर्वती चढायला जोडीने गेलात तर वाटेत ओळखीचे तिघं भेटतात आणि चौथा तुमच्या आधी घरी जाऊन सांगतो. मुंबईत चौथा नसतो. समुद्रापेक्षा हे जास्त दुर्मीळ आहे.

अर्थात ‘समुद्र बघायचाय’ एवढ्यावरही परवानगी मिळत नाही. काम लागतं. तुमचं काम तयार आहे: गिरगावातल्या आत्याबाईंना सांडगे, पापड आणि कुरडया पोचवायच्या. वैशाखाची वाळवणं झाली आहेत, पाऊस महिन्यावर आला आहे, पोस्टाने पाठवले तर पापडांचा भुगा होणार. सासूबाई स्वतः डबा भरून देतात, वर फडकं बांधतात आणि म्हणतात, “जेवून या हो तिकडेच. नाहीतर वन्सं मला बोल लावतील.” मामंजी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारतात, “डेक्कन क्वीननेच परत ना?” क्वीननेच परत, असं तुम्ही दोघं एकदम म्हणता. एवढं खोटं सोडलं तर आजचा दिवस सात्त्विक आहे.

कपडे साधे. तिने व्हॉइलचं गोल पातळ नेसावं. आजेसासूबाई असत्या तर नऊवारीच म्हणाल्या असत्या, पण त्या नाहीत. त्याने पँट आणि बुशकोट. टोपी घरी विसरली तर आता कोणी रागवत नाही. फिरकीचा तांब्या भरून घ्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या रुमालात बांधा. बाहेर नुकतंच उजाडतंय, टांगा बोळाच्या तोंडाशी उभा आहे आणि घोड्याला तुमच्यापेक्षा जास्त झोप आलेली आहे.

स्टेशनावर डेक्कन क्वीन लागलेली असेल. दोन वर्षांपूर्वी हा प्रवास तुम्हाला परवडला नसता. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली ती शनिवार-रविवारच्या शौकिनांसाठी, रेसच्या घोड्यांवर पैसे लावणाऱ्या लोकांसाठी, आणि तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. पुढची पंचवीस वर्षं मिलिटरी अकाउंट्सचा कारकून तिच्याकडे फलाटावरून पाहत आला. जून १९५५ मध्ये तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले. देशात त्या वर्षांत बऱ्याच मोठ्या गोष्टी घडल्या, पण तुमच्यासारख्या जोडप्याच्या आयुष्यात ह्या लाकडी बाकांइतका फरक फार कशाने पडला नसेल. सकाळी जाऊन रात्री घरी परत, हे त्या बाकांमुळे जमू लागलं. नोकरदारांचे रोजचे कंपू आपापल्या जागी बसले आहेत. त्यांच्या पत्त्यांचा डाव कालच्या संध्याकाळी जिथे मोडला तिथून पुढे सुरू होतो. त्यांच्या जागेवर बसू नका. ते काही बोलत नाहीत, पण बघतात.

डायनिंग कारच्या बाजूने टोस्टचा आणि आम्लेटचा वास येतो. त्याला फसू नका. पुऱ्या आहेत.

लोणावळा गेलं की बोरघाट. इथे खिडकी मिळवायची. मे महिना असल्यामुळे धबधबे कोरडे, त्यांच्या जागी कातळावर काळे ओघळ. डोंगर पिवळा पडलेला आणि मधेच एखादा पांगारा किंवा करवंदाची जाळी. १८६३ मध्ये हा घाट रेल्वेने बांधून काढला तेव्हा चढ असा अवघड की खंडाळ्याजवळ गाडीला तोंड फिरवून उलट्या दिशेने जावं लागे. ती गंमत १९२९ मध्ये नवा मार्ग काढून संपवली, आणि त्याच वर्षी पुण्यापर्यंत वीज आली. म्हणून तुमच्या आईवडिलांसारखे डोळ्यांत कोळशाचे कण घेऊन तुम्ही उतरणार नाही. पातळ पुण्यात होतं तसंच पांढरं राहील. सदतीस फुटांना एक फूट असा उतार आहे, गाडी जपून जपून खाली येते, आणि वाटेत पंचवीसेक बोगदे लागतात. बोगद्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की काही फार लहान असतात, तेव्हा घाई करू नका; पुढचा लांब येतो. बोगदा संपला की ती बाहेर बघत असते आणि तो छताकडे. समोरच्या बाकावरचे आजोबा हे पंचवीस वेळा पाहतात आणि पंचवीसही वेळा डोळे मिटून घेतात. भला माणूस.

कर्जतनंतर हवा बदलते. पुण्याचं ऊन भाजतं, हे ऊन चिकटतं. कल्याण, ठाणे, आणि मग दोन्ही बाजूंनी लोकल. तिच्या हातातला डबा आता मांडीवरून खाली आलेला असतो आणि पदर जरा सैल. कोणी ओळखीचं नाही. डब्यात नाही, फलाटावर नाही, आणि व्ही.टी.च्या त्या देवळासारख्या उंच कमानीखालून तुम्ही बाहेर पडता तेव्हा समोरच्या हजार माणसांतही नाही.

मनगटावरचं घड्याळ बदलायची गरज नाही, पण जरा उशिरा जन्मलात म्हणून. मुंबईला स्वतःची वेळ होती, देशाच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि १९५५ पर्यंत हे शहर ती सोडायला तयार नव्हतं. एका परीने बरोबरच होतं त्यांचं. इथे सूर्य खरोखर उशिरा मावळतो. आज तो सात वाजून गेल्यावर मावळेल. हे लक्षात ठेवा. क्वीन पाचच्या सुमाराला सुटते.

आत्याबाईंकडे लगेच जाऊ नका. सव्वादहा-साडेदहाला पोचलात तर स्वयंपाक होईपर्यंत दोन तास खुर्चीवर बसवतील आणि फोटोंचा आल्बम काढतील. व्ही.टी.समोर, बोरीबंदरहून दादरकडे जाणारी ट्राम पकडा. विजेची ट्राम मुंबईत सुरू झाली ७ मे १९०७ ला, म्हणजे चारच दिवसांपूर्वी तिने पन्नाशी गाठली. घंटी वाजवत, दुकानांच्या फळ्यांना जवळजवळ घासून, मोहम्मद अली रोडवरून ती भायखळ्याकडे जाते. बैलगाडी आडवी आली की थांबते, माणूस आडवा आला की घंटी वाजवते. सात वर्षांनी ती बंद होणार आहे, ३१ मार्च १९६४ च्या रात्री, आणि तेव्हा शेवटच्या ट्रामला निरोप द्यायला रस्त्यावर गर्दी लोटेल. आज कंडक्टरला तसं काही सांगू नका. तो सुट्ट्या पैशांवरून आधीच वैतागला आहे. त्याच्याकडे एक जण नवे पैसे देतो, दुसरा आणे, तिसरा दोन्ही मिसळून. आणि प्रत्येकाला आपण फसलो असं वाटतं.

राणीचा बाग. इथे वाघ-सिंह पाहण्यात वेळ घालवू नका. उन्हामुळे ते झोपलेले असतात आणि पिंजऱ्यापुढे शाळकरी मुलं त्यांना उठवायचा प्रयत्न करत असतात. झाडं बघा, सावली बघा. म्युझियमच्या अंगाला एक दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यापाशी जा. हा घारापुरीच्या बंदराशी होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेनने दगा दिला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इथे आणून टाकले आणि १९१४ मध्ये जुळवून उभे केले. पाठीवर सांधे दिसतात. ती त्या सांध्यावरून बोट फिरवेल आणि विचारेल, “दुखलं असेल का हो?” तो हसेल. हसू दे, पण उत्तर द्यायला सांगा. दीड वर्षात तिने त्याला पहिल्यांदाच काहीतरी बिनकामाचं विचारलं आहे.

बारा वाजले. आता गिरगाव, आणि आता कर्तव्य.

चाळीच्या जिन्याला मधोमध खाच पडलेली आहे, कठडा हाताच्या तेलाने गुळगुळीत झालेला. दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब गॅलरी, तिच्यात ओळीने दारं, सगळी उघडी, आणि प्रत्येक दारातून एकेक मान बाहेर येते. पुण्यात परत आल्यासारखं वाटेल. आत्याबाई दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पाणी देतात, डब्याचं फडकं सोडतात, एक कुरडई मोडून बघतात आणि “वहिनीचा हात तोच आहे” म्हणतात. दीड खोली. त्यात पलंग, पितळी भांड्यांची फळी, रेडिओवर क्रोशाचा रुमाल, आणि फळीच्या टोकाला ‘मराठा’च्या अंकांची थप्पी. अत्र्यांनी हे दैनिक काढून अजून वर्ष व्हायचं आहे आणि आत्याबाईंच्या यजमानांना ते चहाआधी लागतं.

जेवणात आमरस, पुरी, वालाची उसळ, कुटाच्या मिरच्या. रस वाढताना नको म्हणायचं नसतं. वाटी हाताने झाकलीत तर बोटांवर वाढतील. जेवता जेवता यजमान बोलू लागतील आणि इथे मात्र तुम्ही कान द्या, कारण वर्ष-दीड वर्षापूर्वीचं गिरगाव ते सांगताहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. जानेवारीत पुन्हा. या गॅलरीत उभं राहून खालच्या रस्त्यावर पोलीस पाहिलेत त्यांनी. पुढे मुंबई मिळाली नाहीच, मिळालं ते गुजरातसकट द्विभाषिक. आणि आत्ता दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत मतदारांनी त्याचा हिशेब चुकता केला. “मुंबई आपलीच होणार बघा,” ते म्हणतात आणि ताटात मीठ चिवडतात. तीन वर्षांनी, १ मे १९६० ला, ते खरं ठरणार आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि तुम्ही ते सांगू शकत नाही. आजच्या सफरीत सगळ्यात अवघड जाईल ते एवढंच. “होईल की,” म्हणा आणि आणखी एक पुरी घ्या.

मग गॅलरीतल्या बायका जमतील. सुनेला नाव घ्यायला लावतील. तयारी करून या. जमलं की ताबडतोब उठायचं. “दुपारची झोप मोडली तुमची” असं आत्याबाईंना म्हणायचं, कारण त्यांना आडवं व्हायचंच आहे. बाहेर पडताना त्या विचारतील, “क्वीनने ना?” हो म्हणा. सगळ्या महाराष्ट्राला तुम्ही कुठल्या गाडीने जाता याची काळजी आहे.

दुपारचे अडीच. ऊन असं की डांबरात चपलेचा ठसा उमटतो. मेट्रो थिएटरमध्ये आत गार हवा असते, १९३८ पासून. बाहेर उन्हात उभं राहून आतून सुटणाऱ्या झुळकीवर समाधान मानणारी माणसंही असतात. सिनेमा बघू नका असं मी सांगेन. अंधारात शेजारी शेजारी तीन तास समोर बघत बसायचं, आणि बोलायचं तर मागचा माणूस शुक् करतो. हे घरीही असतंच.

धोबी तलावाच्या आसपासचा कुठलाही इराणी गाठा. कोपऱ्यावरचं दुकान, संगमरवरी तक्ते, वळवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, गल्ल्यामागे काचेच्या बरण्यांत बिस्किटं, आणि भिंतीवर मालकाच्या सूचना, ज्यांची यादी मेनूपेक्षा लांब असते. गल्ल्यावरच्या शेठकडे बघून त्याने फक्त दोन शब्द म्हणायचे: फॅमिली रूम. शेठ मान वर न करता बोट दाखवतो. मागच्या बाजूला लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या चार-पाच खुराड्या आहेत, प्रत्येकीला अर्धं दार किंवा मळकट पडदा. आत एक टेबल, दोन बाक, वर करकरणारा पंखा.

पुण्यामुंबईच्या विवाहित मध्यमवर्गावर या खुराड्यांचे जे उपकार आहेत ते कोणत्याही इतिहासात लिहिलेले नाहीत. बायकामाणसांना चारचौघांत चहा पिताना संकोच वाटू नये म्हणून ही सोय झाली. पण जोडप्यांनी तिचा खरा उपयोग ओळखला. पोऱ्या येतो, पाणी आपटतो, “क्या लाऊं” विचारतो. बनमस्का दोन, पानी कम चाय दोन, आणि तिच्यासाठी रासबेरी. दुसरं काही पिण्याचं मनात आलं तरी उपयोग नाही, राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी आहे. बनमस्का येतो: बन मधोमध कापलेला, लोणी कंजूषपणा न करता थापलेलं, वर साखर भुरभुरलेली असली तर असली. चहा बशीत ओतून प्यायचा, बन त्यात बुडवायचा, आणि लोण्याचे पिवळे तवंग चहावर फिरताना बघायचे. ती आधी काटकोनात बसते, पदर सारखा करते, पडद्याकडे बघते. बाहेर कपबश्यांचा इतका गोंगाट आहे की आतलं कोणाला ऐकू जात नाही हे कळायला तिला पहिला कप लागतो. मग ती बोलायला लागते.

काय बोलते ते मी ऐकलं नाही. बाहेर थांबलो होतो. पण तो मधेच म्हणाला, “तू हे मला कधी सांगितलं नाहीस.” आणि ती म्हणाली, “कधी सांगू?”

चार वाजता तुम्ही रस्त्यावर येता आणि आता निवड करायची आहे. एका हाताला बोरीबंदर, पायी दहा-पंधरा मिनिटं, फलाटावर क्वीन लागलेली, खिडकीची जागा, वेळेवर पुणं, मामंजी खूश. दुसऱ्या हाताला मरीन लाइन्सचा पूल आणि पलीकडे समुद्र. सकाळपासून मुंबईत आहात आणि अजून समुद्र दिसलेला नाही. एका दिवसाच्या मुंबईचं गणित असंच मांडलेलं आहे: क्वीनने जाऊन क्वीनने परत येणाऱ्या पुणेकराला सगळं मिळतं, फक्त संध्याकाळ मिळत नाही. वर्षानुवर्षं ह्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या कित्येकांनी तिथला सूर्यास्त पाहिलेला नाही. ऊन उतरायला लागतं, वारा सुटायला लागतो आणि ते गाडीत बसतात.

तो घड्याळाकडे बघेल. ती बघणार नाही. तिचं न बघणं ज्याला कळत नाही त्याने खुशाल पाच वाजता जावं.

पूल ओलांडला की मरीन ड्राइव्ह. भराव टाकून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन, आणि तिच्यावर गेल्या वीस-बावीस वर्षांत उठलेल्या गोल कोपऱ्यांच्या इमारती, जहाजाच्या सज्जासारख्या गच्च्यांच्या. आजही त्या उभ्या आहेत आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. १९५७ च्या पुणेकराला त्या केवळ ‘सिनेमातल्या’ वाटतात. वाटेत तारापोरवाला मत्स्यालय लागेल, सहा वर्षांपूर्वी उघडलेलं. मासे बघायचे असतील तर बघा, गार असतं आत. पण फार रेंगाळू नका. कठड्याकडेने चालत चौपाटीला या.

लोकमान्यांचा पुतळा तुम्हाला ओळखीचा वाटेल. १ ऑगस्ट १९२० ला त्यांना याच वाळूत अग्नी दिला. पुण्याचा माणूस इथे हात जोडतो आणि मग जरा बाजूला सरकून भेळ घेतो. टिळकांच्या देखत खायला त्याला कसंसंच होतं. भेळ कागदावर, वर कैरी, कारण कैरीचा हंगाम आहे. वडापाव मागू नका, तो अजून जन्माला यायचा आहे.

आता चपला हातात घ्या. वाळू वरून तापलेली आणि पाण्याजवळ थंड. ती निऱ्या दोन बोटांत धरून घोट्याच्या जरा वर उचलते, आजूबाजूला बघते, कोणी बघत नाही, आणखी जरा उचलते. पहिली लाट पायाशी येऊन थांबते. दुसरी घोट्यापर्यंत चढते आणि परत जाताना टाचांखालची वाळू ओढून नेते. उभ्या जागी जमीन सरकते. ती “अहो!” म्हणून त्याचा दंड धरते. भर चौपाटीवर, सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी. नंतर सोडायचं तिच्या लक्षात येत नाही आणि तो आठवण करून देत नाही. ती वाकून ओंजळीत पाणी घेते, जिभेला लावते आणि तोंड वाकडं करते. खारट असतं हे तिला शाळेपासून माहीत होतं.

पाच वाजले. मग सव्वापाच. क्वीन गेली. तुम्ही दोघंही त्याबद्दल काही बोलत नाही.

सात वाजून गेल्यावर धूसर होत सूर्य मलबार हिलच्या मागे जातो. पुण्यात तो रोज कोणाच्या तरी कौलांमागे जातो, इथे तो टेकडीला टेकेपर्यंत दिसतो. मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात. पौर्णिमा दोन दिवसांवर आहे, त्यामुळे पाठीमागे इमारतींच्या वर चंद्र आधीच आलेला. आता उठायची घाई नाही. रात्रीची मद्रास मेल पुण्यावरूनच जाते.

मेलमध्ये बसायला जागा मिळेलच असं नाही. ट्रंकेवर, नाहीतर दाराशी रुमाल टाकून बसा. निम्मा डबा गुंटकल-मद्रासचा आहे आणि तो झोपलेला आहे. कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला इंजिनं जोडतात, तोपर्यंत फलाटावर बटाटेवडे मिळतात. घ्या. घाटात पुन्हा तेच बोगदे, पण आता बाहेरही अंधार आणि आतही, त्यामुळे ते मोजायचं कारण नाही. ती त्याच्या खांद्यावर झोपलेली असेल. पायांना वाळू आहे. ती घरी झटकायची नाही, टांग्यात झटकायची.

वाड्याचा दिंडी दरवाजा आतून लावलेला. कडी वाजवावी लागेल, शेजारच्या बिऱ्हाडाचे आजोबा उठतील. सासूबाई कंदील घेऊन येतात. “क्वीन चुकली?” “चुकली.” आत्याकडे जेवायला उशीर झाला, ट्राम बंद पडली, असं काही जोडायला जाऊ नका. मामंजी अंथरुणातून म्हणतील, “सांगितलं होतं चारलाच निघा म्हणून.” सासूबाई काही म्हणणार नाहीत. त्यांचं लक्ष सुनेच्या पातळाच्या काठाकडे असेल, जो ओला होऊन वाळला आहे आणि त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली आहे. “टाक ते भिजत,” एवढंच म्हणून त्या कंदील बारीक करतात.

१९५७ ला जायला जमणार नसेल तर आजही यातलं बरंच करता येतं. ट्राम गेली, फॅमिली रूम असलेले इराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, गिरगावच्या चाळी एकेक करून पडताहेत. पण दगडी हत्ती जागेवर आहे, चौपाटी आहे, सूर्य मे महिन्यात सातनंतरच मावळतो. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि मुंबईहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. जाताना तिचंच तिकीट काढा, सुट्टीत लवकर संपतात. परतीचं मात्र तिचं काढू नका.